हागबार्टशेटला पाडायचं

"चांगुणा, तू थापा चांगल्या मारतेस म्हणे."

मी मान वर केली. वखारीच्या माळ्यावर येणाऱ्या जिन्यात हागबार्टशेट उभा. एक हात कठड्यावर, दुसरा कमरेवर, धाप लागलेली. माझ्या हातात वाळलेला मासा, हातभर लांब आणि फळीसारखा कडक. मला वाटलं, झालं, गेली नोकरी.

"कोण म्हणतं?"

"सगळं गाव म्हणतं. तुझ्या सासऱ्याने एक घोळ मासा धरला आणि त्याच्या पोटात बसून लोक लग्नाचं जेवले, असं तू दुकानात सांगितलंस."

"लग्न नाही शेट, साखरपुडा. चाळीसच माणसं होती."

तो हसला नाही. बांधून ठेवलेल्या माशांच्या गठ्ठ्यावर बसला, टोपी काढली आणि ती दोन्ही हातांत धरून तिच्याकडेच बघत राहिला. अडुसष्ट वर्षांचा माणूस. खांदे दरवाजाएवढे. पण त्या दिवशी ते खांदे कुणीतरी खुंटीला टांगून ठेवल्यासारखे दिसत होते.

"माझं एक काम कर," तो म्हणाला. "माझ्याबद्दल थापा मार. वाईट. जितक्या वाईट जमतील तितक्या."

आता हे कुठलं, कधीचं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीने सुरुवातीलाच एक सोडली. साल एकोणऐंशी. नॉर्वे देशाच्या पार वरच्या अंगाला स्कार्वॉय नावाचं बेट. माणसं चारशे, मेंढ्या त्याहून जास्त. मी सातपाटीची. आमचे हे, दामोदर, नॉर्वेच्या मालजहाजावर खलाशी होते. नांगराच्या साखळीत हात सापडून तीन बोटं गेली, तेव्हा कप्तानाने त्यांना आपल्या भावाकडे धाडलं. तो भाऊ म्हणजे हा हागबार्ट बेन्यामिनसेन, मासळीचा व्यापारी. अख्ख्या बेटाचा कॉड मासा तो घ्यायचा, लाकडी मांडवांवर टांगून वाळवायचा आणि इटलीला पाठवायचा. दामोदरांच्या हाताकडे बघून त्याने एवढंच विचारलं, "उरलेली सात चालतात ना?" आणि कामावर ठेवून घेतलं. दोन वर्षांनी मी गेले. आमचा जन्म वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील वाळवण्यात गेलेला, त्यामुळे मला काही नवीन नव्हतं. फरक इतकाच की आपण उन्हात वाळवतो, ते थंडीत वाळवतात. आणि बोंबील अंगावर पडला तर कळतही नाही, तो कॉड डोक्यात पडला तर माणूस उठत नाही.

तर हा शेट. व्यापारी तर होताच, वर वीस वर्षं तिथला नगराध्यक्षही होता. तिथे सगळे सगळ्यांना अरेतुरे करतात, पोरं मास्तरला आणि मास्तर पाद्र्याला. मला ते जमलं नाही. मी त्याला शेटच म्हणायचे.

"वाईट थापा कशाला?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. मला पडायचंय."

"मग उभे राहू नका."

"ते करून बघितलं." टोपी हातात गोल फिरत होती. "गेल्या वेळी, चार वर्षांपूर्वी, सांगितलं, आता मी नाही. मग पक्षाचे चौघं घरी आले. केक घेऊन. स्वयंपाकघरात बसले. दोन तास कॉफी प्यायले, हवेबद्दल बोलले. उठताना एकजण म्हणाला, मग ठरलं तर. मी काही बोललोच नव्हतो."

"तुम्ही नाही म्हणायचं ना."

"कुणाला? ज्याला नाही म्हणेन तो मला मासा विकतो. मी खुर्ची सोडतो म्हटलं की त्यांना वाटतं, मी आता धंदाही बंद करणार, मासा कोण घेणार. आठवडाभर झोपत नाहीत बिचारे. मग मीच कंटाळून हो म्हणतो." तो थांबला. "त्यांनीच मला काढलं पाहिजे. पेन्सिलने."

पेन्सिलचं असं होतं. तिथे मतपत्रिकेवर पक्षाची सगळी नावं ओळीने छापलेली असायची. ज्याचं नाव नको त्याच्यावर पेन्सिलने रेघ ओढायची. पुरेशा लोकांनी रेघ ओढली की तो माणूस खाली घसरायचा, आणखी ओढल्या की बाहेर. मला त्याची फार गंमत वाटायची. आपल्याकडे कुणाला तरी निवडून द्यायला जातात, तिथे माणूस खोडायलाही मिळायचा.

"पण मीच का?"

"इथल्या माणसांना खोटं बोलता येत नाही. सराव नाही." तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. "आणि चांगुणा, मी दमलोय."

एवढंच म्हणाला आणि जिना उतरून गेला. खाली जाताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होता.

संध्याकाळी मी दामोदरांना सांगितलं. ते म्हणाले, "ज्याच्या घरचं खातो त्याची बदनामी करायची?"

"अहो, त्यानेच मागितलीय."

"मागितली म्हणून द्यायची? तुझी जीभ एक दिवस आपल्याला बोटीत बसवेल परतीच्या."

"बसवू दे. तेवढीच सातपाटी बघायला मिळेल."

खरं सांगू? मला मजा वाटली होती. बारा तास माशाचे गठ्ठे बांधून कंबर मोडायची, गुडघे सुजायचे, वर तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नावच घेत नाही, माणसाला दमल्यासारखं वाटून घ्यायचीही सोय नाही. आणि मला मत नव्हतं. परकी बाई मी. जीभ तेवढी होती.

माळ्यावर माझ्यासोबत गुद्रुन असायची. गुद्रुन म्हणजे पारखीण. वाळलेला मासा हातात घ्यायचा, उजेडाला धरायचा, पोटाशी नाक लावायचं आणि कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवायचं, हे तिचं काम. वीस प्रकारचे ढीग. तिने एकदा टाकला की खुद्द शेटलाही तो उचलून दुसरीकडे ठेवता यायचा नाही. बापाकडून नाक मिळालं होतं तिला, तसंच मोठंही होतं. माळ्यावर जे बोललं जाई ते गुद्रुनच्या तोंडून दुपारी दुकानात, दुकानातून धक्क्यावर आणि संध्याकाळपर्यंत बेटाच्या दुसऱ्या टोकाला.

पहिली थाप मी विचार करून मारली. आमच्या गावात ज्या गोष्टीने पुरुषाचं नाक कापलं जाईल तीच काढली.

"गुद्रुन, एक सांगू? कुणाला बोलू नकोस. आपला शेट घरी बायकोचे कपडे धुतो."

"असं?"

"धुतो, पिळतो, वाळत घालतो. बायको खुर्चीत बसून सांगते, तो डाग राहिलाय, परत घास. रात्री तिचे पाय चेपतो. एकदा नीट चेपले नाहीत म्हणून तिने त्याला मेंढ्यांच्या गोठ्यात झोपवलं. सकाळी पोतंभर लोकर अंगाला चिकटवून नगरपालिकेत गेला."

गुद्रुनने मासा ढिगात टाकला. "लोकरीचं खोटं असेल," ती म्हणाली. "पण कपडे धुतो हे छानच आहे. माझ्या नवऱ्याने कधी मोजासुद्धा धुतला नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानात तीन बायकांनी शेटला थांबवून हात मिळवला. एकीने आपल्या नवऱ्याला पुढे ढकललं आणि म्हणाली, "बघून घे."

मी दुसरी मारली. नगरपालिकेच्या बैठकीत शेट झोपतो, आणि कुणाला कळू नये म्हणून पापण्यांवर बाहेरून डोळे रंगवून घेतलेत. निळे. बायकोच रोज सकाळी ब्रशने काढून देते, आणि एकदा घाईत एक डोळा तिरका निघाला तर लोकांना वाटलं शेट शंका घेतोय, म्हणून अख्खा रस्त्याचा ठराव मागे घेतला. गुद्रुन इतकी हसली की खाली बसली. धक्क्यावरचे मच्छीमार म्हणाले, चार-चार तास त्या गटारांवर चर्चा, आम्ही तर डोळे न रंगवताच झोपलो असतो. बिचारा आपल्यासाठी बसतो तरी.

तिसरी सीलची. शेट दारू पिऊन बोटीतून पडला, एका सील माशाने त्याला पाठीवर घेऊन किनाऱ्याला आणलं, आणि तेव्हापासून तो त्या सीलला दर रविवारी स्वतःच्या वखारीतला उत्तम मासा चोरून खाऊ घालतो. स्वतःच्याच वखारीत चोरी! मला वाटलं, आता तरी. तर लोकांनी रविवारी किनाऱ्यावर डबे घेऊन सील शोधायला सुरुवात केली.

मी गेले शेटकडे. नगरपालिकेतलं त्याचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक टेबल, एक फोन. मी जाऊन उभी राहिले तर तो फोनवर.

"हो. हो, मेलाय ना तो? मग वास येणारच... अरे ओडवार, तो देवमासा काय मी किनाऱ्यावर आणून टाकला नाही... बरं. बरं, बघतो."

फोन ठेवला, परत वाजला. कुणाच्या तरी मेंढ्या कुणाच्या तरी बटाट्यात शिरल्या होत्या. तो ठेवला तोवर दारात एक म्हातारा, त्याला पाद्र्याच्या कुत्र्याबद्दल तक्रार लिहून हवी होती. शेटने लिहून दिली. म्हातारा जाता जाता म्हणाला, "आणि माझ्या बोटीला बर्फ कधी?" हे व्यापाऱ्याला. तेच टेबल, तोच माणूस.

दार लागल्यावर शेटने कपाळ टेबलावर टेकलं. तसाच बोलला, "काय झालं?"

"तुमची माणसं वेडी आहेत शेट. मी तुम्हाला चिखलात ढकलते, ती तुम्हाला धुऊन परत खुर्चीवर बसवतात. खरंच काही वाईट केलं असेल तर सांगा की. थोडं खरं असलं की थाप बरी बसते."

त्याने डोकं उचललं. माझ्याकडे नाही, खिडकीबाहेर बघितलं. बाहेर नुसता समुद्र.

"ते तूच शोध," तो म्हणाला. "आणि लोकांना ठाऊक नाही असं काही नाही."

मी गुद्रुनला विचारलं. सरळच विचारलं, की बाई, या माणसाने वीस वर्षांत काहीच वाईट केलं नाही? तिने विचार केला. नाकाने जसा माशाचा विचार करायची तसा, डोळे मिटून.

"नाही," ती म्हणाली. "तेर्नहोल्मची माणसं तेव्हा रडली होती म्हणे. पण त्यांनाही इथे नवीन घरं मिळाली. विजेची शेगडी मिळाली. नाही बाई, तसं काही नाही."

मी पुढे विचारलं नाही. तेर्नहोल्म म्हणजे काय तेही मला माहीत नव्हतं.

मतदानाला आठ दिवस राहिले. त्या दिवशी माझी कंबर इतकी दुखत होती की मी उभ्यानेच डुलत होते. डोक्यात दुष्टपणा शिल्लकच नव्हता. शेटची मला दया आली होती. म्हटलं, आता पाडता येत नाही तर निदान म्हाताऱ्याबद्दल एक चांगलं बोलावं. गावाने ओझं लादलंय, तर निदान मान तरी द्यावा.

म्हणून मी म्हणाले, "गुद्रुन, आमच्याकडे ना अशा माणसाचा पुतळा उभारतात. चौकात. जयंतीला हार घालतात."

"जिवंतपणी?"

"कधीकधी जिवंतपणीही. शेटलासुद्धा आवडेल. मला म्हणालाच तो परवा." झाली सुरू जीभ. "धक्क्यावर, बोटी लागतात तिथेच. पुरुषभर उंच. एक हात समुद्राकडे, दुसऱ्या हातात मासा. म्हणाला, येणाऱ्या प्रत्येक बोटीला पहिला मीच दिसलो पाहिजे. बर्गनच्या एका शिल्पकाराला पत्रही गेलंय. त्याने उलट टपाली नाकाचं माप मागवलंय."

मी हसले. गुद्रुन हसली नाही.

तिच्या हातात मासा होता. तो तिने कुठल्याच ढिगात टाकला नाही. टेबलावर ठेवला. तीन वर्षांत मी तिला असं करताना बघितलं नव्हतं.

"हागबार्ट म्हणाला असं?"

"हो... म्हणजे, गमतीत."

"पहिला मीच दिसलो पाहिजे?"

"अगं, मोठा माणूस आहे तो. वीस वर्षं..."

"मोठा," गुद्रुन म्हणाली. बाकी काही नाही. मासा उचलला, नाकाला लावला, सर्वात खालच्या प्रतीच्या ढिगात टाकला. चांगला मासा होता. मला दिसत होतं, चांगला होता.

दुपारी ती नेहमीपेक्षा लवकर दुकानाकडे निघाली.

गुरुवारी मी दुकानात गेले तर तिथे दोन बायका कुजबुजत होत्या. पुतळा आता ब्राँझचा झाला होता. शनिवारपर्यंत तो घोड्यावर बसला. घोडा कुठून आला मला माहीत नाही. घोडा माझा नव्हता, एवढं मी शपथेवर सांगते. त्या बेटावर घोडाच नव्हता.

मी घाबरले. दुकानात उभं राहून मोठ्याने म्हणाले, "अहो, पुतळ्याचं सगळं खोटं आहे. मीच थाप मारली. मी थापाडी आहे, ठाऊक नाही का तुम्हाला?"

दुकानदारीण माझ्याकडे फार प्रेमाने बघायला लागली. "त्याने सांगितलं वाटतं तुला असं बोलायला," ती म्हणाली. "तू काळजी करू नकोस हं. तुझ्यावर काही येणार नाही."

घरी आले तर दामोदर जेवत बसलेले. म्हणाले, "धक्क्यावर कुणी शेटकडे बघत नाहीये. आज तो आला तर सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. काय केलंस?"

"चांगलं बोलले हो त्याच्याबद्दल."

"म्हणजे?"

मी सांगितलं. दामोदरांचा घास हातातच राहिला. जहाजावरची वर्षं धरून ते माझ्यापेक्षा सात वर्षं जास्त त्या लोकांत राहिलेले.

"अगं," ते म्हणाले, "इथे माणसाने बायकोचे कपडे धुतले चालतं, दारू पिऊन पडला चालतं, चोरी केली तरी एखाद वेळी चालतं. मी इतरांपेक्षा मोठा, असं म्हटलेलं चालत नाही. ते एक नाही चालत."

"मग तर बरंच झालं," मी म्हटलं. "त्याला पडायचंच होतं."

पण भाकरी मला गेली नाही.

मतदान शाळेत झालं, रविवारी. मी बाहेर कुंपणाशी उभी होते. आत पडद्यामागे टेबलावर दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. माणसं आत जायची, बाहेर यायची, कोणी कोणाशी बोलायचं नाही. शेट आला, त्याच्या बरोबर त्याची बायको आस्लॉगबाई, कोट घालून, पर्स दोन्ही हातांनी धरून. दोघांनी मत दिलं आणि हळूहळू घराकडे गेली.

सोमवारी निकाल. हागबार्ट बेन्यामिनसेन, वीस वर्षांचा नगराध्यक्ष, साधा सदस्यही झाला नाही. दोनशेच्या वर लोकांनी त्याच्यावर रेघ ओढली होती. काहींनी तर एवढी दाबून की कागद फाटला होता, असं मोजणाऱ्याने सांगितलं.

मंगळवारी दुपारी शेटने मला घरी बोलावलं. मी हात धुतले, परत धुतले, तरी माशाचा वास काही जाईना. दामोदर म्हणाले, येऊ का बरोबर? मी नको म्हटलं.

स्वयंपाकघरात शेट खिडकीपाशी बसला होता. आस्लॉगबाईंनी माझ्यासमोर कॉफी ठेवली, काळी, उकळून उकळून कडू केलेली, आणि स्वतः चुलीपाशी विणत बसल्या. फार बोलणारी बाई नव्हती ती कधीच.

"तुझे आभार मानायचे होते," शेट म्हणाला. "केलंस तू. मला वाटलं नव्हतं."

"आता बरं वाटतंय ना शेट?"

"आज सकाळपासून फोन एकदाही वाजला नाही." त्याने हे अशा आवाजात सांगितलं की त्यात आनंद आहे की काय आहे ते मला कळेना. "फक्त एक सांग. मला तोंडावर कुणी काही बोललं नाही. इथे बोलत नाहीत. शेवटी त्यांना तू काय सांगितलंस?"

मी कॉफीत बघत बसले.

"सांग. मला अंदाज आहे. तुला कुणीतरी तेर्नहोल्मचं बोललं असणार. हो ना?"

"तेर्नहोल्म काय आहे शेट?"

त्याने बोट केलं. खिडकीतून, समुद्रापलीकडे. नीट बघितलं तर एक काळी रेघ दिसत होती पाण्यावर.

"ते बेट. तिथे अकरा घरं होती. आम्ही ठराव केला, शाळा बंद, बोट बंद, सगळ्यांनी इकडे यायचं. सरकार घरामागे मदत देत होतं, पण सगळे आले तरच. एकही घर मागे राहिलेलं चालणार नव्हतं. तीन घरं यायला तयार नव्हती. मी जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो." तो थांबला. "केक घेऊन. दोन तास हवेबद्दल बोललो. उठताना म्हणालो, मग ठरलं तर."

आस्लॉगबाईंच्या सुया चालू होत्या.

"तेरा वर्षं झाली," शेट म्हणाला. "त्यातलं एक घर हिच्या आईचं. म्हातारी इथे नव्या घरात वर्षभरही राहिली नाही. म्हणायची, समुद्राचा आवाज चुकीच्या बाजूने येतो, झोप लागत नाही. तेव्हापासून दर निवडणुकीला मी वाट बघतो, की आता लोक मला त्याचं विचारतील. रेघ ओढतील. कुणी ओढलीच नाही. उलट मतं वाढली. चांगुणा, त्याच्यासाठी पडलो असेन तर चांगलं झालं. मी झोपेन."

आता सांगा, मी काय करायचं होतं? हो म्हणायचं. एक शब्द. जन्मभर थापा मारल्या, सासऱ्याच्या घोळीच्या पोटात चाळीस माणसं जेवायला बसवली, आणि त्या दिवशी गरज होती तेव्हा एक साधी थाप माझ्या तोंडातून निघेना. त्याचे डोळे असे होते ना.

"पुतळा," मी म्हणाले.

"काय?"

"मी म्हटलं, तुम्हाला धक्क्यावर पुतळा हवाय. तुमचा. येणाऱ्या बोटीला पहिले तुम्हीच दिसायला हवे. मी चांगलं म्हणून बोलले शेट. आमच्याकडे मान असतो तो."

त्याने खिडकीकडची मान माझ्याकडे वळवली.

"आणि त्यांना ते खरं वाटलं?"

"हो."

"पुतळा." त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. बर्फ आणि मीठ लागून लागून चिरा पडलेले हात. "वीस वर्षं या लोकांची गटारं बघितली. आणि त्यांना वाटलं, मला पुतळा हवाय."

"शेट, मी परत जाऊन सांगते..."

"नको." आवाज मोठा नव्हता. "आणि त्या अकरा घरांचं काहीच नाही. कुणालाच काही वाटलं नाही."

तेव्हा सुया थांबल्या.

"मला वाटलं," आस्लॉगबाई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वळून बघितलं.

"मी रेघ ओढली," त्या म्हणाल्या. "तेर्नहोल्मसाठी."

"परवा?"

"परवाही. आणि त्याआधीही. आई गेल्यावरच्या पहिल्या निवडणुकीपासून, दर वेळी. पडद्यामागे जायचे, तुझं नाव शोधायचं, पेन्सिलने एकदा ओढायची, मग पुसली जाऊ नये म्हणून परत त्याच्यावरून ओढायची. मग घरी येऊन तुला कॉफी द्यायचे." विणलेलं त्यांनी मांडीवर सपाट केलं. "यावेळी माझ्याबरोबर आणखी माणसं होती. एवढाच फरक."

"दर वेळी?"

"दर वेळी, हागबार्ट."

"मला का नाही बोललीस?"

"तू विचारलं नाहीस. मला वाटायचं, मोजताना ती एक रेघ दिसत असेल तुला. एक तरी आहे, हे कळत असेल."

"एकाची काय नोंद ठेवतात," शेट म्हणाला. "मला वाटायचं, चुकून ओढली असेल कुणीतरी."

मग त्याचा चेहरा काहीतरी करायला लागला. मला वाटलं आता हा रडणार, किंवा ओरडणार, आणि मी पदराशी चाळा करत उठायला बघत होते. पण त्याने तसं काही केलं नाही. एक मोठा श्वास सोडला. इतका लांब की मला वाटलं संपतच नाही, वीस वर्षांचा आत राहिलेला असावा. ते खांदे हळूहळू खाली आले. डोकं मागे भिंतीला टेकलं.

"चार वेळा," तो पुटपुटला. "बरं. बरं झालं."

आणि तो झोपला. तसाच, खुर्चीत बसल्या बसल्या, भर दुपारी तीन वाजता, तोंड उघडं टाकून. घोरायलाही लागला. ही थाप नाही, समोर बघत होते मी.

आस्लॉगबाईंनी उठून फोनची पिन भिंतीतून काढली. किटली घेऊन माझा कप परत भरला, स्वतःचाही भरला.

"बस गं," त्या म्हणाल्या. "कुठे निघालीस?"

मी बसले. कॉफी भयंकर कडू होती. आम्ही दोघींनी ती सगळी संपवली.